सरावात बसणारा शॉट मॅचमध्ये छोटा का पडतो?

"ताई, सकाळी दहातले सात पडत होते. मॅचमध्ये एक पण नाही पडला."

शाळांच्या बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाल्या की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी येऊन हे सांगतं. बहुतेक वेळा डोळे भरलेले असतात. मागे उभ्या आईबाबांचा प्रश्नही ठरलेला असतो: "रोज अजून शंभर शॉट मारायला लावू का?"

लगेच नका लावू. आधी तिला विचारा, चुकलेले शॉट गेले कुठे? याचं उत्तर जवळजवळ कुणालाच देता येत नाही. "नाही पडले" एवढंच आठवतं. रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आले (म्हणजे छोटे पडले), मागच्या कडेवरून उडाले की डावीकडे गेले, हे कुणी पाहिलेलंच नसतं. आणि ते माहीत नसेल तर आणखी शंभर शॉट म्हणजे तीच चूक आणखी शंभर वेळा पक्की करणं.

मी कोथरूडमध्ये एका उघड्या सिमेंट कोर्टवर संध्याकाळी शिकवते. बहुतेक आठवी ते दहावीच्या मुली आणि काही लहान मुलं. पुढे लिहिलंय ते मुख्यतः एकट्याने किंवा एखाद्या मैत्रिणीबरोबर सराव करणाऱ्यांसाठी, कारण ही तक्रार त्यांचीच जास्त असते.

आधी टेप काढा

शॉटला हात लावण्याआधी रिंग, रेघ आणि बॉल तपासा. हसू नका, निम्मा गोंधळ इथेच सापडू शकतो.

रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी. एका सोसायटीत मी टेप लावली तेव्हा ती चांगलीच खाली भरली. आधी वाटलं खांब खचला असेल, पण खांब ठणठणीत होता. कोर्टवर नवा थर टाकला होता, जमीनच वर आली होती! त्या कोर्टवर वाढलेल्या मुलांचे शॉट बाहेर सगळीकडे छोटे पडत होते आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मुलं लोंबकळून लोंबकळून रिंग पुढे झुकवतात तीही वेगळीच तऱ्हा. अशा रिंगवर समोरून शॉट सोपा जातो आणि सरळ रिंगवर गेलं की हिशोब चुकतो.

फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट जिथून मारतात ती रेघ रंगवणारे काका अंदाजाने ओढून जातात. दोरीला नट बांधून रिंगमागच्या बोर्डाच्या पुढच्या पृष्ठभागावरून ओळंबा सोडा आणि तिथून जमिनीवर ४.६० मीटर मोजा. रेघेची कोर्टच्या मधल्या बाजूची कड तिथे यायला हवी. नसेल तर खडूने आपली रेघ आखून घ्या.

बॉल १.८ मीटर उंचीवरून नुसता सोडा, ढकलू नका. उसळी घेतल्यावर बॉलचा वरचा भाग साधारण १.२ ते १.४ मीटरपर्यंत आला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला कोर्टवर आलात तर आदल्या संध्याकाळी बरा वाटणारा बॉल मेल्यासारखा टप्पा घेतो, कारण थंडीत आतल्या हवेचा दाब उतरतो. पंप बॅगेतच ठेवा. मुलींच्या मॅच ६ नंबरच्या बॉलने होतात, मोठ्या मुलांच्या ७ नंबरने. ७ नंबरचा बॉल ५८० ते ६२० ग्रॅमचा असतो आणि ६ नंबरचा ५१० ते ५५०. हा फरक बारीक मनगटाला चांगलाच जाणवतो. शाळेत ७ नंबरचेच बॉल आहेत म्हणून दहा-अकरा वर्षांच्या मुलीला तोच देतात. मग ती बॉल कमरेपासून, दोन्ही हातांनी, गोळाफेक केल्यासारखा भिरकावायला शिकते. ती सवय मोडायला पुढे वर्ष जातं. लहान मुलांना ५ नंबरचा बॉल द्या आणि शक्य तिथे रिंगही खाली घ्या. यात कमीपणा काही नाही.

चुकलेला शॉट वाचायला शिका

एक छोटी वही घ्या. मैत्रीण रिंगखाली उभी राहील, तुम्ही नेहमीसारखे तीस शॉट मारा. पडलेल्या शॉटचं काही लिहायचं नाही. चुकलेल्याचं फक्त एक अक्षर लिहायचं: छोटा असेल तर छ, लांब गेला तर ला, डावा डा, उजवा उ. हेच पुढच्या मॅचमध्ये बाकावर बसलेल्या कुणाला तरी करायला सांगा. मग दोन्ही पानं शेजारी ठेवा.

सरावाच्या पानावर अक्षरं विखुरलेली असतात. मॅचच्या पानावर मात्र माझ्या मुलींच्या बाबतीत पुन्हा पुन्हा एकच अक्षर दिसतं. छ, छ, छ. म्हणून मी बाकीच्यांकडे भराभर पाहून त्याच्याकडे येते.

डावा-उजवा चुकत असेल तर बहुतेक वेळा आधाराचा हात नडतो. उजव्या हाताने मारणाऱ्यांचा डावा अंगठा शेवटच्या क्षणी बॉलला धक्का देतो. अंगठा तर्जनीला चिकटवून पन्नास शॉट मारून बघा, अक्षर बदलतंय का ते दिसेल. बदललं नाही तर कोपर बाहेर जातंय का ते पाहा. बॉलवरच्या रेघा आडव्या धरून मारा. बॉल सुटल्यावर त्या सरळ मागे फिरताना दिसायला हव्यात. तिरक्या फिरल्या तर बोटं बॉलच्या मागे नव्हती, बाजूला होती. लांब जाणारा शॉट मला फारसा छळत नाही. ताकद आहे, ती आवरायला लागेल एवढंच.

छोटा: खरी जागा

एका नववीतल्या मुलीचं सांगते. सरावात हात इतका सुरेख की शेजारच्या कोर्टवरची मोठी मुलं थांबून बघायची. मॅचमध्ये सगळे शॉट पुढच्या कडेवर. घरचे म्हणाले दडपण येतं, शाळेतले म्हणाले स्टॅमिना नाही. तिला पहाटे वेताळ टेकडी चढायला पाठवलं. महिनाभर चढली बिचारी. दम वाढला, शॉट छोटाच राहिला.

मग आम्ही फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून कोर्टच्या कडेला ठेवला आणि स्लो मोशनमध्ये आधी तिचा सराव घेतला, नंतर दोन संघ करून खेळवलं तेव्हाचा खेळ घेतला. पायरीवर बसून दोघींनी पाहिलं. सरावात ती शॉट मारायची, स्वतःच बॉल आणायची, दोन टप्पे द्यायची, पाय लावायची, गुडघे वाकवायची, मग मारायची. सगळं निवांत. खेळात पास आला तो डावीकडे, मांडीच्या उंचीवर. बॉल तिच्या हाताला लागला त्या क्षणी मी व्हिडिओ थांबवला. गुडघे पूर्ण सरळ. बस थांब्यावर उभं राहावं तशी ती उभी होती. आता बॉल वर घ्यायचा, मग वाकायचं, मग उडायचं, एवढा वेळ समोरची देणार कशी? म्हणून ती वाकणंच गाळत होती आणि नुसत्या हाताने मारत होती. पायांची ताकद बॉलपर्यंत पोचतच नव्हती.

"अगं, हे तर मी सरावात कधी केलंच नाहीये," ती म्हणाली. तेच तर! तिच्या सरावात पास नव्हताच.

तुमचा शॉट छोटा पडत असेल तर पहिली तपासणी हीच करा: बॉल हातात आला तेव्हा गुडघे वाकलेले होते का? बॉल हवेत असतानाच पाय तयार व्हायला हवेत, बॉल आल्यावर नाही.

त्यावर आम्ही केलं ते असं. एकटे असाल तर बॉल दोन्ही हातांनी उलटा फिरवून दोन-अडीच मीटर पुढे टाका, म्हणजे टप्पा घेऊन तो तुमच्याकडेच परत येतो. त्याच्याकडे जा, एक-दोन पावलांत खाली बसत पकडा आणि तिथूनच वर उठत मारा. पकडणं आणि उठणं यांच्या मध्ये काहीही नको, एक टप्पाही नको. सुरुवातीला रिंगपासून तीन मीटरपेक्षा लांब जाऊ नका. मैत्रीण असेल तर तिला सांगा, मुद्दाम वाईट पास दे. पायाशी, डोक्यावर, उजवीकडे, उशिरा. आमच्याकडे याला "वाईट पास" असंच नाव पडलंय आणि मुली तो खेळ मागून घेतात. वाईट पास पकडून पाय लावता आले की चांगला पास म्हणजे बक्षीस वाटतं.

यात एक गोष्ट सांभाळा. पहिले दोन आठवडे शॉट पडण्याचं प्रमाण घसरतं, सकाळचे दहातले सात चारवर येतात. इथेच बहुतेक जण सोडून देतात आणि जुन्या सरावाकडे पळतात, कारण तिथे बरं वाटतं. टिकून राहा. त्या वहीत मॅचच्या पानावर छ कमी होतायत का एवढंच पाहा.

बांगडी आणि कमान

पाय तयार असूनही बॉल पुढच्या कडेवर लागत असेल तर कमान तपासा, म्हणजे बॉल हवेत किती उंच चढून खाली येतो ते. एक बांगडी हातात धरा आणि वरून पाहा, पूर्ण गोल दिसेल. आता हळूहळू तिरकी करत डोळ्याच्या रेषेत आणा. गोल चपटा होत होत शेवटी नुसती रेघ उरते. बॉललाही रिंग अशीच दिसते.

रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर आहे आणि ७ नंबरच्या बॉलचा साधारण २४. बॉल आडव्या रेषेशी ४५ अंशात खाली आला तर त्याच्या वाटेतली जागा सुमारे ३२ सेंटिमीटर उरते. चांगली ऐसपैस. ३० अंशात आला तर उरते २२.५. म्हणजे बॉलपेक्षाही कमी! मग कडेला न लागता आत जाणं शक्यच नाही. दमल्यावर, घाईत, हात पूर्ण न उचलता मारलेला शॉट सपाट जातो आणि नेमका या अडचणीत सापडतो.

कमान वाढवायला रिंगपासून एक मीटरवर उभं राहा. एकाच हाताने, दुसरा हात पाठीमागे. बॉल तळव्याला न टेकता बोटांवर तोललेला. कोपर डोळ्यांच्या वर जाईपर्यंत हात उचला, मनगट सोडा आणि बॉल खाली पडेपर्यंत हात तसाच वर ठेवा. बॉल कडेला न लागता आत गेला तरच मोजायचा. असे दहा झाले की एक पाऊल मागे. माझ्या मुलींना हे कंटाळवाणं वाटतं हे मला माहीत आहे, पण रोजची दहा मिनिटं मी यातून कुणालाच सूट देत नाही.

पावसाळ्यात आमचं कोर्ट शेवाळतं. ओल्या सिमेंटवर कुणालाही उडी मारू देऊ नका, पाय मोडून घेण्यात शौर्य नाही. तेव्हा घरी जमिनीवर पाठ टेकून झोपा, पंखा बंद करा आणि बॉल सरळ छताकडे सोडा. बॉल हात न हलवता परत त्याच हातात आला पाहिजे. खाली राहणाऱ्यांची तक्रार येत नाही आणि मनगट सरळ होतं.

एकाच जागेवरून दहा? नको

आता सरावाच्या मांडणीबद्दल. माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे.

१९७८ साली कर आणि बूथ या दोघांनी मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. आठ वर्षांच्या काही मुलांनी छोटी पिशवी तीन फुटांवरच्या खुणेवर टाकण्याचा सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवर. परीक्षा घेतली तीन फुटांवर. ज्यांनी तीन फुटांवरून एकदाही सराव केला नव्हता तीच मुलं सरस ठरली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे कॉलेजचे दिवस डोळ्यांपुढे आले. कोपऱ्यातून पन्नास, मग दुसऱ्या कोपऱ्यातून पन्नास. शेवटचे वीस तर डोळे मिटून पडायचे. मॅचमध्ये मात्र त्या कोपऱ्यातून मला एकच शॉट मिळायचा, तोही पहिलाच.

मॅचमधला प्रत्येक शॉट हा त्या जागेवरचा पहिला शॉट असतो. म्हणून माझा नियम असा की सलग दोन शॉट एकाच जागेवरून नाहीत. खडूने पाच-सहा खुणा करा, लांबी वेगवेगळी ठेवा आणि प्रत्येक शॉटनंतर जागा बदला. आपला रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला बॉल, धावत घ्या आणि पुढच्या खुणेवर जा. शॉट नव्याने शिकत असाल, हात कुठे ठेवायचा हेच कळत नसेल, तेव्हा एका जागी उभं राहून मारायला हरकत नाही. पण तो टप्पा एकदा ओलांडला की तिथे मुक्काम करू नका.

फ्री थ्रोची जागा बदलत नाही, तो या नियमाबाहेरचा आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी खेळाडूंनी वेगवेगळ्या अंतरांवरून शॉट मारले. अंतर वाढेल तसं प्रमाण कमी होत गेलं, पण फ्री थ्रोच्या रेघेवर ते अपेक्षेपेक्षा वर गेलं. त्या एका जागेवर आयुष्यभर इतके शॉट मारलेले असतात की शरीर ती जागा वेगळी ओळखतं. तेव्हा तिथे भरपूर मारा, पण सलग वीस मारू नका. मॅचमध्ये साधारण दोन मिळतात, तेही धावून धावून छाती भरलेली असताना. कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा पळा, म्हणजे २८ मीटर जाऊन परत, आणि लगेच रेघेवर उभं राहून दोन मारा. पुन्हा पळा. अशा दहा जोड्या. आकडा जोडीचा लिहा: दोन्ही, एक, शून्य.

रेफरीने बॉल दिल्यावर ५ सेकंद असतात. घाईची गरज नाही. दोन टप्पे, एक श्वास सोडणं, आणि बॉल वर घेण्याआधी नजर रिंगवर एका ठिकाणी ठेवणं. कॅनडाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रो मारणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास केला होता. चांगलं मारणाऱ्यांची नजर शॉट सुरू होण्याआधी रिंगवर जास्त वेळ स्थिर राहत होती. मुलींची नजर बॉलकडे, पायाकडे, बाकावर बसलेल्या सरांकडे फिरते. मी त्यांना रिंगच्या पुढच्या कडेचा, जाळी अडकवतात तो मधला हूक पाहायला सांगते. सगळी रिंग पाहू नका, एक हूक पाहा.

बंदिस्त हॉलमध्ये पहिल्यांदा खेळायला जाणाऱ्यांना थोडी वेगळी अडचण येते. आपल्या कोर्टवर रंगवलेला बोर्ड, मागे भिंत किंवा झाड. तिथे पारदर्शक बोर्ड आणि मागे मोकळी जागा. अंतराचा अंदाज फसतो. वॉर्मअपमध्ये लगेच लांबून मारायला लागू नका. आधी ले-अप (धावत रिंगजवळ जाऊन मारायचा शॉट), मग एक मीटर, मग तीन, असं मागे या. तो हूक तिथेही असतोच.

ले-अप हुकणाऱ्यांसाठी इथे फार लिहीत नाही. डाव्या हाताचा ले-अप चुकत असेल तर मायकन ड्रिल करा. १९४०-५० च्या दशकांतला उंच सेंटर (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) जॉर्ज मायकन याच्या नावाने ते ओळखलं जातं. रिंगखाली उभं राहून उजवीकडून उजव्या हाताने, डावीकडून डाव्या हाताने, बॉल जमिनीवर पडू न देता. रोज दोन मिनिटं.

गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल, विशेषतः भराभर उंची वाढण्याच्या वयात, तर उड्यांचा सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. एक मीटरवरून एका हाताचे शॉट बिना उडीचे चालू ठेवता येतात, तेही डॉक्टर हो म्हणाले तर.

त्या नववीतल्या मुलीच्या मॅचच्या पानावर जानेवारीपर्यंत छ तुरळक झाले. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ती पुन्हा आली, चेहरा पाडून. "ताई, परत छोटे पडतायत. सरावात पण." मी तिला खांबाजवळ उभं केलं. वर्षभरापूर्वी मुलींनी तिथे खडूने उंचीच्या खुणा केल्या होत्या, नंतर कुणीतरी त्यावर खिळ्याने ओरखडे काढून ठेवले होते. तिची खूण आता तिच्या भुवईशी येत होती. हात लांब झाले होते, बॉल सुटायची जागा बदलली होती, आणि शरीर अजून जुन्याच मापाने मारत होतं.

पाऊस अजून सुरू व्हायचा होता. वहीचं नवं पान काढलं, फोन बाटलीला टेकवला, आणि तिला रिंगपासून एक मीटरवर उभं केलं. दुसरा हात पाठीमागे.